इंजिनाचा श्वास कोंडूं नये

ऊसगाळपाचा हंगाम आला, कीं अकलूजच्या वाटांवर दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धांवूं लागतात. त्यांतील पुष्कळांस हल्लीं टर्बो असतो. अशा इंजिनाच्या ब्रीदर-नळींतून वाफ अथवा तेलाचा थेंब दिसला, कीं आमच्यांतील कोणी तींत चिंधी कोंबतो, तर कोणी थेट इंजिन खोलावयास नेतो. आमच्या मतें दोन्ही मार्ग नुकसानीचेच होत.

सिलिंडरांतील वायूचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खालीं तेलाच्या चेंबरांत उतरतोच. मेस्त्री ह्यास 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. नव्या इंजिनांतही तें असतें. टर्बो हवा दाबून भरतो, सबब झिरपणारा वायूही वाढतो. शिवाय टर्बोच्या दांड्याच्या सीलांतून थोडा वायू चेंबरांतच येतो. ह्या सर्वांस बाहेर पडण्यास ब्रीदर हीच वाट. ती बुजली म्हणजे चेंबरांत दाब सांचतो व सीलांतून तेल बाहेर ढकलूं लागतो. टर्बोस वंगण देऊन झालेलें तेल केवळ स्वतःच्या वजनानें चेंबरांत परत उतरतें. खालींच दाब असेल तर तें उतरणार कसें? तें टर्बोंत तुंबतें, सील ओलांडून हवेच्या पाइपांत शिरतें, आणि सायलेन्सरांतून निळा धूर निघतो. मग लोक म्हणतात, टर्बो गेला! फारच तेल शिरलें तर इंजिन त्या तेलावरच बेफाम सुटतें. डिझेल बंद केलें तरी थांबत नाहीं.

आमच्याच ट्रॅक्टरचें क्रँकचें मागील सील दोनदां बदललें, तरी गळती राहिली. तिसऱ्या खेपेस एका वृद्ध मेस्त्र्यानें ब्रीदरची नळी काढून पाहिली, तों ती आंतून काजळीच्या चिखलानें भरलेली. धुऊन बसवितांच गळती थांबली. त्यापूर्वीं झालेला खर्च येथें लिहिण्यासारखा नाहीं.

वायू खरोखरच अधिक येतो कीं काय, हें डोळ्यांनीं ठरवूं नये, मोजावें. पारदर्शक नळी यू अक्षराप्रमाणें वाकवून तींत पाणी भरावें व एक तोंड डिपस्टिकच्या भोकास घट्ट बसवावें. ब्रीदर उघडाच ठेवून इंजिन चालविलें असतां दोन पातळ्यांत जें अंतर पडेल, तो चेंबरचा दाब. तो कंपनीच्या पुस्तकांतील मर्यादेशीं ताडावा व दर हंगामारंभीं त्याच फेऱ्यांवर मोजून वहींत टिपावा. एकाएकीं वाढला तर आधीं ब्रीदर, मग टर्बो, मग तुटकी रिंग पाहावी. वर्षानुवर्षें चढत गेला तर रिंगा व लायनर झिजले असें समजावें.

ही झीज पुष्कळदां आपणच ओढवून घेतों. फिल्टरपुढील रबरी पाइपास चीर पडली तर फुफाटा सरळ सिलिंडरांत जातो. दुसरें, जास्त ओझें ओढावें म्हणून डिझेल पंपाचें सेटिंग वाढविण्याची खोड. तिची वाहवा करणाऱ्यांनीं तीन हंगामांनंतरचा तेलाचा खर्चही सांगावा.

कित्येक नव्या इंजिनांत हा वायू तेल गाळून पुन्हा टर्बोच्या तोंडाशीं नेलेला असतो. ती नळी कापून उघडी सोडूं नये. तेथील गाळणी मुदतींत बदलावी.

शंकरनगर व माळीनगर येथील कारखान्यांच्या आवारांत ट्रॅक्टर तासन्‌तास खोळंबून उभे असतात. तेथें अशी एक नळी व ती लावून दाखविणारा एक मेस्त्री ठेवावा, अशी आमची सूचना आहे.