प्रवेशपत्राआधी पैशांचं विचारा

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं की आपल्याकडे आधी पेढे वाटतात, आणि मग कर्ज कुठे मिळेल याची चौकशी सुरू होते. पालकांना आणि मुलांना माझी कळकळीची विनंती आहे, हा क्रम बदला. पैशांची चौकशी अर्ज भरतानाच करा.

१९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. निघण्यापूर्वी त्यांनी करारावर सही केली होती, की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करीन. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. त्या शिष्यवृत्तीवाचून ते कोलंबियाला पोचले नसते, हे निर्विवाद. पण मदत कोणाचीही असो, तिला मुदत असते आणि अटी असतात. आजही पत्रात ‘स्कॉलरशिप’ हा शब्द दिसला की पुढचं वाचायचं राहून जातं. ती एकाच वर्षाची आहे की चारही वर्षांची? फक्त फीपुरती की राहण्याजेवणाचीही? किती गुण राखले तर टिकेल? हे विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या.

बारावीनंतर जाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच ठिकाणं परदेशी मुलाची निवड करताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात. तिथे प्रवेश मिळणं अतिशय अवघड आहे. बाकी बहुतेक ठिकाणी तुम्ही मदत मागता आहात हे निवडीच्या वेळी विचारात घेतलं जातं. म्हणून काही जण अर्जात ‘मदत नको’ असं लिहितात आणि नंतर मागू म्हणतात. हे करू नका, कारण अनेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला नंतर मागू देत नाहीत. अमेरिकन सरकारचा ‘फाफ्सा’ अर्ज आपल्या मुलांसाठी नाही. बरीच विद्यापीठं ‘सीएसएस प्रोफाइल’ किंवा स्वतःचा फॉर्म भरून घेतात. अर्जाची फी परवडत नसेल तर माफीसाठी ईमेल करा. त्यात कमीपणा काही नाही.

पीएचडीला चांगल्या विभागांत फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा पैसे मिळतात. आपली मुलं मोठ्या संख्येनं जातात ती मात्र एमएसला, आणि तिथे बहुतेकांना घरचेच पैसे घालावे लागतात. ‘तिकडे काम करून भागवू’ या भरवशावर कुणीही निघू नये. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि पहिल्या वर्षी बाहेर नोकरी साधारणपणे करताच येत नाही. व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं ‘आय-२०’ हे प्रमाणपत्र हाती येण्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. दुसऱ्या वर्षाचं तिथे सहसा विचारत नाहीत, म्हणून ते तुम्ही स्वतःला विचारा, आणि डॉलर महागेल हे धरूनच हिशेब मांडा.

खोट्या कागदांच्या वाटेला मात्र जाऊ नका, एजंट काहीही सांगो. पेन्सिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात एका भारतीय मुलानं पूर्ण मदत मिळवण्यासाठी हयात वडिलांच्या मृत्यूचा खोटा दाखला दिला होता. २०२४ साली त्याला अटक झाली, शिक्षण सुटलं आणि भारतात परतावं लागलं. त्याच पेन्सिल्व्हेनियात आनंदीबाई जोशींनी जून १८८३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेलं पत्र आजही जपून ठेवलेलं आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पुऱ्या करू शकेन याची खात्री नाही, हे त्यांनी त्यात लपवलं नाही. त्यांना प्रवेश मिळाला, आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या.

एजंटाला पैसे मोजण्याआधी अमेरिकन सरकारच्या ‘एज्युकेशन यूएसए’ या सल्लासेवेच्या मुंबईतल्या केंद्रात जा, तिथला प्राथमिक सल्ला मोफत असतो. १८९२ पासून चालू असलेला जे. एन. टाटा एंडोमेंट निधी परतफेडीच्या अटीवर मदत देतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; तिच्या जाहिरातीवर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आधीपासून लक्ष ठेवा.

आणि निवड होऊनही पैसे जुळले नाहीत, तर विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयाला घरची परिस्थिती स्पष्ट लिहून मदत वाढवून मागा. नाहीच म्हणाले तर तो प्रवेश सोडा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. त्या एका प्रवेशासाठी शेत किंवा राहतं घर गहाण टाकू नका.