अभयदानाचा हिशेब

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी देणग्यांची यादी छापली जाते आणि ती वाचून कोणाही सभासदास समाधान वाटावे, असेच तिचे स्वरूप असते. शास्त्रकारांनी दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. पहिली तीन आपल्या खतावणीत नियमाने चढतात. चौथ्याचे पान बहुधा कोरेच राहते. जीवदयेपुरता अभयदानाचा अर्थ आपण करून घेतला. परंतु भ्यालेल्या लेकराचे भय दूर करणे, हेही अभयदान नव्हे काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. त्या वेळी श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांच्या शिक्षणाचा भार उचलून त्यांना पुण्यास आणले. पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक संकुल उभे राहिले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनाही तेथे आसरा मिळाला. ब्लँकेटे वाटून परत न येता मुलांची वर्षानुवर्षे जबाबदारी घेणे, हे व्यापारी समाजाला साधते, याचा हा दाखला होय.

आता घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या गोदामातील एक हमाल रस्त्यावरील अपघातात मुलाच्या डोळ्यांदेखत गेला. मुलगा बारा वर्षांचा. आम्ही घरी धान्य पोहोचविले, शाळेची फी भरली आणि कर्तव्य संपले असे मानले. पुढे तो शाळा चुकवू लागला, ट्रकचा आवाज होताच दचकू लागला, रात्री ओरडून उठू लागला. मी त्यास उनाड म्हणून रागे भरलो. दोन वर्षांनी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, की हा उनाडपणा नसून मनाला बसलेला आघात आहे आणि त्यावर उपचार आहेत. ती दोन वर्षे त्या पोराची वाया गेली. त्यांतला माझा वाटा मी विसरू शकत नाही.

पोत्यात परखी घातल्याविना आपण मालाचा भाव ठरवीत नाही; मुलांच्या बाबतीत मात्र वरवर पाहून निकाल देतो. म्हणून माझी सूचना अशी, की शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत, पालकांच्या व मुलाच्या संमतीने, प्रशिक्षित समुपदेशकाकडून साधी चौकशी व्हावी: झोप लागते का, भीतीदायक स्वप्ने पडतात का, एखादी जागा वा आठवण टाळावीशी वाटते का, आणि हे महिन्याहून अधिक चालले आहे का.

यात तीन पथ्ये अवश्य पाळावीत. एक, चौकशी म्हणजे निदान नव्हे. ते डॉक्टरांनीच करावे. दोन, झालेला प्रसंग पुन्हा सांगण्याची बळजोरी नसावी. तिने अपाय होऊ शकतो. तीन, पुढील उपचारांची सोय नसेल तर चौकशीच करू नये. गरजू मुलांना नागपूरपर्यंत नेण्या-आणण्याचा खर्च संघाने द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ आहे. हे क्रमांक प्रत्येक दुकानात लावावेत.

सोयरिकीच्या वेळी नाव निघेल, ही भीती खोटी नाही. लोधीखेड्यासारख्या गावात गोष्ट लपत नाही. म्हणून नावांची वही समुपदेशकाकडेच राहावी. अध्यक्षांनाही केवळ संख्या कळावी. वसतिगृहाचीही घाई नको. २०१५ च्या बालन्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. आई, आजी, मामा असतील तर मूल त्यांच्यापाशीच बरे.

धर्मादाय निधीतील रुपयामागे दहा पैसे या कामी ठेवावेत, असा ठराव येत्या सभेत मी मांडणार आहे. बंधुभगिनींनी त्याची चिकित्सा करावी, तोटा दिसल्यास दाखवावा. मात्र आपल्या दुकानाच्या पायरीवर बसलेले गप्प पोर ‘उनाड’ या सदरात टाकण्यापूर्वी, त्याच्यापाशी घटकाभर बसावे, एवढी विनंती आहे. जय जिनेंद्र.