सिबिलचा शिक्का आणि नादारीचा कायदा

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव येथील काही शेतकऱ्यांनी कर्जफेडीसाठी आपले अवयव विक्रीस काढल्याचे निवेदन मुख्यमंत्र्यांकडे धाडले. त्याची खळबळ यथावकाश शमली. त्यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र शमलेला नाही. कर्ज फेडणे ज्याला खरोखरीच अशक्य झाले आहे, अशा प्रामाणिक ऋणकोला सन्मानाने मोकळे होण्याची वाट या देशाच्या कायद्यात आहे काय? आणि असल्यास, मोकळे झाल्यावर त्याची पत पुन्हा केव्हा उभी राहते?

नादारी म्हणजे निव्वळ बेअब्रू, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. वास्तविक नादारीचा कायदा हा दंड नसून एक सौदा आहे. ऋणकोने आपली मालमत्ता न्यायालयापुढे उघड करावी, धनकोंनी तिची वाटणी स्वीकारावी आणि उरलेल्या देण्यातून ऋणकोला मुक्त करावे, असे त्याचे स्वरूप. या सौद्याची किंमत पतनोंदीत मोजावी लागते. अमेरिकेत दिवाळखोरीची नोंद दहा वर्षांपर्यंत व्यक्तीच्या पतअहवालात राहू शकते. ब्रिटनमध्ये ती सहसा सहा वर्षे राहते. किंमत जबर आहे, पण तिला अंत आहे. ठरलेल्या मुदतीनंतर डाग पुसला जातो. शिवाय १९८० च्या दशकातील शेती-अरिष्टात अमेरिकेने १९८६ साली शेतकरी कुटुंबांसाठी दिवाळखोरी संहितेत स्वतंत्र प्रकरणच घातले. जमीन हाती ठेवून हप्त्यांनी देणी फेडण्याची योजना न्यायालयाकडून मंजूर करून घेण्याची ती सोय होती.

आपल्याकडे काय आहे? मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि प्रांतांसाठी १९२० चा, असे दोन नादारी कायदे ब्रिटिश अमदानीपासून चालत आले. त्यांच्या जागी सुटसुटीत व्यवस्था आणण्याचे अभिवचन २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने दिले. परंतु तिचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता. गरीब ऋणकोसाठी संहितेत 'नव्या आरंभा'ची तरतूद आहे. तिच्या अटी मात्र पाहण्याजोग्या आहेत. वार्षिक उत्पन्न ६० हजार, मालमत्ता २० हजार आणि कर्ज ३५ हजार रुपये, यांहून अधिक असता कामा नये. स्वतःचे राहते घरही नसावे. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आणि गावात पत्र्याचे घर असलेला सेनगाव वा औंढा तालुक्यातील शेतकरी ही तरतूद उद्या लागू झाली तरी तिच्या दारातच अडखळेल.

म्हणजे हा शेतकरी वस्तुतः नादार आहे, कायद्याने नाही. नादारीचे सारे भोग त्याच्या वाट्याला येतात, मुक्ती तेवढी येत नाही. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यान्वये देशात चार कंपन्या ऋणकोंची माहिती ठेवतात. त्यांतील सिबिलचे नाव आता पारावरही सर्वांच्या तोंडी आहे. ३०० ते ९०० या दरम्यानचा एक आकडा माणसाची पत ठरवतो. बँकेशी तडजोड केली तर 'सेटल्ड', बँकेने कर्ज निर्लेखित केले तर 'रिटन ऑफ', असे शेरे पडतात. ही माहिती किमान सात वर्षे जपण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. किमान मुदत ठरली. कमाल मुदतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

कर्जमाफीने हा गुंता सुटत नाही, उलट वाढतो. २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, अशा दोन्ही योजनांत लाभाची मुख्य पात्रता थकबाकी ही होती. नियमित फेडणाऱ्यांस प्रोत्साहनपर रक्कम तेवढी ठेवण्यात आली. ज्या थकबाकीमुळे शासनाने हात दिला, तीच थकबाकी पतनोंदीत दोष म्हणून उतरते. खाते बंद होते, पण ते किती महिने थकले याचा इतिहास राहतो. एका हाताने दिलेली मुक्ती दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार होय.

बँकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. ठेवी लोकांच्या असतात आणि ऋणकोचा पूर्वेतिहास पाहणे हे बँकेचे कर्तव्यच ठरते. तथापि आकड्याला कारण कळत नाही. पैसा असून बुडवणारा आणि सोयाबीन पाण्यात गेले म्हणून थकलेला, हे दोघे त्याच्या लेखी एकच. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्क्यांहून अधिक पीक बुडाल्यास कर्जाचे पुनर्गठन करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. ते वेळेवर झाले तर खाते थकीत ठरत नाही आणि डागही लागत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्याची दैना केली, तेव्हा भरपाईच्या रकमेइतकीच या पुनर्गठनाची चर्चा व्हायला हवी होती. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये कारवाईचा इशारा दिला. परंतु इशाऱ्याने शाखाधिकाऱ्याची धास्ती जात नाही, नियमाने जाते.

१८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील रयतेने सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात धाडणे थांबले; त्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरणही त्यात घातले गेले. परक्या सरकारला जे चार वर्षांत उमगले, ते स्वराज्यात अधिक लवकर उमगावे अशी अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. आजची पतनोंद तर जाळताही येत नाही.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. 'नव्या आरंभा'ची तरतूद लागू करावी, तिच्या मर्यादा आजच्या मानाने वाढवाव्यात आणि राहते घर व अल्प जमीन या अपात्रता ठरवू नयेत. आपत्तीमुळे थकलेल्या किंवा शासनाने माफ केलेल्या कर्जाची वेगळी नोंद व्हावी आणि ती पुसण्याची तारीख तिच्यातच लिहिलेली असावी. वर्षातून एकदा मोफत पतअहवाल मिळण्याचा हक्क आहे. चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास दररोज शंभर रुपये भरपाईचा नियमही २०२४ पासून आहे. हा अहवाल मराठीत आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळाला तरच त्या हक्काला अर्थ.

बँकेचे दार बंद झाले की शेतकरी शेती सोडत नाही. तो सावकाराच्या ओट्यावर जातो आणि तेथे व्याजाचा दर कोणताही पतअहवाल सांगत नाही. ऋणमुक्तीला पतमुक्तीची जोड मिळाली नाही, तर प्रत्येक कर्जमाफी ही पुढच्या कर्जमाफीची पूर्वतयारीच ठरत राहील.