लाल गोळी आणि गिरणीतल्या बाया

विष्णुपुरीचा सरकारी दवाखाना असो की खेड्यातलं उपकेंद्र, गरोदर बाईच्या हाती लाल गोळ्या पडतात. घरी आल्यावर त्यातल्या निम्म्या फळीवरच्या डब्यात राहतात. "मळमळतं, शौचाला काळं होतं," असं आमच्या भगिनी सांगतात. हा त्रास गोळीतल्या लोहाचा. ती जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते, आणि काळ्या रंगाला भिण्याचं कारण नाही. पण त्याच गोळीत फोलिक ॲसिड, म्हणजे ब-९ जीवनसत्त्वही असतं. त्याच्या शोधाची वाट मुंबईच्या कष्टकरी बायांच्या आजारातून निघाली, हे आपल्या घरोघरी ठाऊक असायला हवं.

सन १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना एक जीवघेणा पंडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या. विल्सबाईंनी या बायांच्या ताटात काय पडतं ते तपासलं. तसाच निकस आहार माकडांना दिला, तर त्यांनाही तोच रोग जडला. मग मार्माईट नावाचा, यीस्टपासून काढलेला स्वस्त अर्क देऊन पाहिला आणि माकडंही सुधारली, बायाही. हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. दुखणं नशिबाचं नव्हतं, ताटातल्या उणिवेचं होतं!

अर्कातला गुणकारी पदार्थ कोणता, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ साली अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, त्यावरून हे नाव. पुढे १९४५ च्या सुमारास आंध्रातून तिकडे गेलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो प्रयोगशाळेत बनवला.

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. हे जीवनसत्त्व शरीरातलं हमाल आहे. कार्बनचा एकेक अणू उचलून हवा तिथे पोचवणं हे त्याचं काम. पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते, तिला लागणारा माल हाच हमाल आणतो. माल आला नाही की पेशी नुसती फुगते, दुभंगत नाही.

गर्भात तर पेशींची वाढ झपाट्याने होते. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांतच मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचंही पुष्कळदा ध्यानात आलेलं नसतं! म्हणून दिवस राहण्याआधीपासून फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यावी. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून, १८० दिवस. लेकीचं लग्न ठरलं की साड्यांच्या खरेदीइतकीच ही चौकशी आशाताईंकडे करावी. आधीच्या बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष असेल तर मात्रा मोठी लागते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. अशक्तपणा मुळात ब-१२ च्या कमतरतेचा असेल, तर नुसत्या फोलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. त्यासाठी रक्त तपासून घेतलेलं बरं.

मेथी, पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत हे जीवनसत्त्व आहे. पण ते पाण्यात उतरतं आणि फार शिजवल्याने नासतं. आपल्याकडे अंबाडी उकडतात, पिळतात आणि पाणी मोरीत ओततात. ते आंबट पाणी वरणात घाला, चिंचही वाचेल.