रविवारचं एक पान

छंद म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग, असं आपण सहज म्हणून जातो. तंजावरच्या माणसाला मात्र तसं म्हणताना जरा थांबावं लागतं. आमच्या गावचा सर्वांत मोठा छंदिष्ट माणूस राजा होता, आणि त्याला रिकामा वेळ मिळाला तो राज्य हातचं गेल्यामुळे. सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले आणि १७९९ च्या तहानं कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. तिथून १८३२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, या माणसानं काय केलं ते पाहायचं असेल तर राजवाड्यातल्या सरस्वती महालात जावं.

परदेशातून पुस्तकं मागवली, पोथ्या जमवल्या, नकलून घेतल्या. डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवले आणि एकेका रोग्याची टाचणं ठेवली, सोबत डोळ्याची रंगीत चित्रं काढून घेतली. १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरवला. छापखाना काढला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावानं मराठीत छापवल्या. पुण्यामुंबईचे पाहुणे आले की मी त्यांना हे साल आवर्जून सांगते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो!

या सगळ्यात मला आवडते ती एक बारीकशी गोष्ट. त्यांच्या युरोपीय पुस्तकांपैकी बहुतेकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. पुस्तक आलं, उघडलं, नाव लिहिलं. एक-दोन नव्हे, हजारो वेळा. प्रेरणा वगैरे शब्द मला जरा जड वाटतात. पण पुस्तक आलं की दौतीत टाक बुडवायचाच, ही सवय समजते.

माझा सध्याचा छंद याच जातीचा आहे, फक्त फार लहान. आजीची पाककृतींची वही मी दर रविवारी एक पान याप्रमाणे देवनागरीत उतरवते आहे. तुम्ही म्हणाल, यात उतरवायचं काय? वही मराठीत आहे ना? आहे, पण लिपी तमिळ आहे. आजी शाळेत तमिळ शिकली आणि घरात मराठी बोलली. इथल्या कितीतरी मराठी घरांत हेच झालं. राजांच्या दफ्तराची मोडी कागदपत्रं बासनांत बांधून राहिली, मुदपाकखान्याचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ग्रंथालयानं छापून काढलं; आमच्या स्वयंपाकघरातली मराठी मात्र मिळेल त्या लिपीत जाऊन बसली.

आता अडचण ऐका. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांना एक, त, थ, द, ध यांना एक, आणि प, फ, ब, भ यांनाही एकच. तमिळला त्यात काही अडत नाही. कुठे क म्हणायचा आणि कुठे ग, हे त्या भाषेच्या माणसाला ठाऊक असतं. मराठी मात्र तिथे गुदमरते. बाग, भाग आणि पाक दिसायला सारखेच. डाळ आणि टाळ यांत फरक नाही. लिंबाच्या लोणच्याच्या पानावर ‘गार’ आहे की ‘खार’, हे अक्षरं सांगत नाहीत. ज्याच्या कानात भाषा आहे त्यालाच ती वही वाचता येते. माझ्या मुलीला तमिळ अक्षरं माझ्याहून चांगली येतात, पण तिनं ही वही मोठ्यानं वाचली की घरात कुणालाच काही कळत नाही. तिलाही नाही. हसतो आम्ही, पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

माझ्या कानालाही जे उमगत नाही, ते मी कुंभकोणमच्या आत्याला विचारते. रविवारी चार वाजता, तिची कॉफी झाली की फोन. आत्या चौऱ्यांशी वर्षांची. वहीची पानं एकशे बारा. झाली आहेत एक्केचाळीस. हिशेब तुम्हीच करा. मी केला नव्हता, तो आत्यानं केला. आडी महिन्यात ती दोन आठवडे दवाखान्यात होती, परत आल्यावर पहिलंच वाक्य हे: “एका पानानं भागायचं नाही गं. दोन घे.”

मी दोन घेतली नाहीत. रविवारी एक पान होतं. दोन ठरवली तर ज्या रविवारी पाहुणे येतील त्या रविवारी एकही व्हायचं नाही, हे मी माझ्या भरतकामावरून आणि वीणेवरून जाणते. त्याऐवजी क्रम बदलला. उरलेली एकाहत्तर पानं चार संध्याकाळी बसून चाळली आणि जिथे शब्द दोन तऱ्हांनी लागतो तिथे पेन्सिलीनं गोल केला. आता आत्याला फक्त ते गोल विचारते. सरळ वाचता येणारी पानं थांबू शकतात. रविवारचं पान आपल्या गतीनं चालू आहे.

मापांचा घोळ तर वेगळाच. आजी अर्धी मापं तमिळमध्ये लिहायची. ‘आळाक्कु’ म्हणजे पडीचा आठवा भाग, हे इथे कुणीही सांगेल. पण सांज्याच्या पानावर गुळापुढे एकच शब्द लागोपाठ दोनदा लिहिलेला आहे: ‘काल काल’. मराठीत तो काल, गाल, घाल, खाल यांपैकी काहीही असू शकतो; तमिळमध्ये ‘काल’ म्हणजे पाय, आणि पावभागही. गेल्या रविवारी आत्याला तो वाचून दाखवला. ती जराही थांबली नाही.

“पहिला तमिळ, दुसरा मराठी. पाव घाल.”