मी पारंपरिक नाही



मी मेलेलो नाही. नालासोपाऱ्यात राहतो, वालीवच्या एका गिरणीत साच्यावर रात्रपाळी करतो, कविता लिहितो. वय सव्वीस. हे सांगायची पाळी आली, कारण परवा मोबाइलवर माझंच गाणं ऐकलं आणि खाली लिहिलं होतं : गीत, पारंपरिक.

ते गाणं मी कांड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं. बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर आमच्या पोरांनी ते पहिल्यांदा म्हटलं. एका गायकानं ते उचललं. गिटार लावली, ढोलकी लावली आणि आपल्या पहिल्या अल्बममध्ये घातलं. फोक रॉक म्हणे. शेवटच्या कडव्यात माझं नाव होतं, तेवढं कडवं कापलं. गायक आपल्यातलाच, म्हणून जास्त लागलं. विचारलं तर म्हणाला, "दादा, लोकगीत म्हटलं की लोक ऐकतात. आणि गाणं समाजाचंच ना? नाव कशाला पाहिजे तुला?"

नाव कशाला पाहिजे, तेच सांगतो.

या फोक नावाच्या धंद्याचा हिशोब आधी बघा. अमेरिकेत बॉब डिलनचा पहिला अल्बम 1962 च्या मार्चमध्ये निघाला. गाणी तेरा. त्याची स्वतःची फक्त दोन. बाकी अकरा जुनी, दुसऱ्यांची. त्यातलं एक ब्लाइंड लेमन जेफरसन या आंधळ्या, काळ्या गायकाचं. अल्बमचं नाव मात्र 'बॉब डिलन'. पुढं त्यानं स्वतःची ढीगभर गाणी लिहिली, 2016 मध्ये नोबेल मिळालं. मिळो. माझं भांडण त्याच्याशी नाही. पण दोन गाण्यांवर त्याचं नाव कव्हरवर चढलं, हे ध्यानात ठेवा.

आता आपल्याकडं या. वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस. अक्षर ओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत मजुरी करताना. पहिलं गाणं 3 मे 1943 ला लिहिलं. 15 मे 2004 ला गेले. साठ वर्षं लिहिलं, हजारांनी लिहिलं, गावोगाव फिरून स्वतः गायलं. आज कुठल्याही भीमजयंतीत त्यांचं गाणं वाजतं. वाजवणाऱ्याला विचारा, कुणाचं? म्हणतो, भीमगीत आहे. दोन गाण्यांचा माणूस नावानिशी उभा, आणि हजारोंचा माणूस बिननावाचा. च्यायला, हा कुठला हिशोब?

तामिळनाडूच्या अरिवूचं बघा. 2021 मध्ये 'एन्जॉय एन्जामी' देशभर गाजलं. शब्द त्याचे. त्यामागं चहाच्या मळ्यात राबलेली त्याची आजी. त्याच वर्षी एका संगीत मासिकानं मुखपृष्ठ छापलं, त्यावर अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर जाब विचारला. 2024 मध्ये अरिवूनं स्वतःचा अल्बम काढला, 'वल्लियम्मा पेरांडी'. म्हणजे वल्लियम्माचा नातू. आजीचंच नाव कव्हरवर चढवलं त्यानं! याला म्हणतात उत्तर.

आपल्यातलेच काही म्हणतात, नावाचा हव्यास बामणी, चळवळीत सगळं सगळ्यांचं. ऐकायला गोड आहे. पण माझ्या आज्याचं नाव कचरू होतं. तुमच्याही घरात धोंडू, दगडू निघतील. ज्यांना धड नावही ठेवू दिलं नाही, त्यांच्या नातवांना आता सांगता, नाव सोडा? सोडायला आधी हातात पाहिजे ना.

आणि ही रीत आपली नाहीच. चोखोबाला देवळाच्या बाहेर ठेवलं, पण अभंगाच्या शेवटच्या चरणातून कुणी त्याला बाहेर काढू शकलं नाही. सोयराबाईनं चोख्याची बायको म्हणून का होईना, आपली सही अभंगात विणून ठेवली. वामनदादांनीही शेवटच्या कडव्यात 'वामन' ठेवला. ज्यांच्याकडं छापखाना नव्हता, वकील नव्हता, त्यांनी नावाला गाण्यातच कुलूप लावलं. गाणं पूर्ण म्हणा, नाव निघतंच. म्हणून तर चोर शेवटचं कडवं आधी कापतो.

पण खरं सांगू? मीही कापलंय. गेल्या जयंतीच्या मिरवणुकीत पोलिसांनी दहाला आवाज बंद करायला सांगितलं. घड्याळात पाच मिनिटं उरली होती. माइक माझ्या हातात. वामनदादांचं गाणं सुरू होतं. मी हात करून ढोलकी थांबवली आणि शेवटचं कडवं गाळलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या गायकानं माझ्याशी केलं ते मी वामनदादांशी आधीच केलं होतं. त्यानं पैशासाठी केलं, मी पाच मिनिटांसाठी.

नाव गेलं की काय होतं, ते बघायला लांब जायला नको. आपल्या सोपाऱ्याच्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी खणलं, तेव्हा आत दगडी पेटी निघाली, पेटीत भिक्षापात्राचे तुकडे. बुद्धाचा स्तूप, आणि आजूबाजूचं गाव त्याला कोट म्हणत जगत होतं. वस्तू राहिली, नाव गेलं, तर कुणीतरी खणेपर्यंत थांबावं लागतं. आपल्या गाण्यांना कोण खणणार?

गिटारीला माझा विरोध नाही. पेटीही युरोपातूनच आली आणि आपल्या जलशात बसली. गिटार वाजवा, ड्रम वाजवा, अल्बम काढा, जोरात काढा. फक्त तीन गोष्टी करा.

एक : शब्द कुणाचे, चाल कुणाची, ढोलकी कुणाची, हे लिहिल्याशिवाय रेकॉर्ड बाहेर सोडू नका.

दोन : न वाचता सही करू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 पाठ करा. हक्क विकला तरी 'हे माझं आहे' म्हणायचा अधिकार लिहिणाऱ्याकडंच राहतो. कवी मेल्यावरही साठ वर्षं त्याच्या गाण्यावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. वामनदादांच्या गाण्यांना 'पारंपरिक' म्हणणाऱ्याला हे तोंडावर सांगा. बाबासाहेबांची लेकरं आपण, कायद्याला घाबरून कसं चालेल?

तीन : शेवटचं कडवं म्हणा. मी त्या गायकाला भेटणार आहे. पैसे मागायला नाही. 'पारंपरिक' खोड आणि कापलेलं कडवं परत गा, एवढंच सांगणार आहे. आणि येत्या 14 एप्रिलला माइक हातात आला तर आधी माझी चूक दुरुस्त करणार आहे.

दहा वाजत आले असतील आणि काहीतरी गाळायचंच असेल, तर पहिलं कडवं गाळा.

जयभीम.