एजंट व्हायचंय? आधी पेपर द्या!

प्रत्येक ऑफिसात असा एक प्राणी असतोच. पगार तुमच्याएवढाच, पीएफही तेवढाच कापला जातो. पण शनिवार-रविवारी साहेब सिनेमाला नाहीत की ट्रेकला नाहीत. कुठल्यातरी सँपल फ्लॅटमध्ये उभे! सोमवारी कँटीनमध्ये मोबाइलवर मास्टर बेडरूमचे फोटो दाखवणार, 'अरे, ईएमआय भाड्याएवढाच बसतो बघ' म्हणणार आणि जाता जाता हळूच सांगणार, 'साइटवर गेलास की काउंटरला माझं नाव सांग हं.' नाव कशाला सांगायचं, ते आपल्याला दोन महिन्यांनी कळतं. पार्किंगमध्ये त्याची नवी बाइक दिसते तेव्हा.

मग आपल्याही डोक्यात चक्रं सुरू होतात. ओळखी आपल्याही आहेत, बोलतो तर आपण त्याच्यापेक्षा बरं. आपण का नाही?

या कॉलमकडे असे मेल नेहमी येतात, पण परवा आलेला जरा सीरियस होता. हिंजवडीत टेस्टिंगमध्ये सात वर्षं काढलेला एक वाचक. डोक्यावर घराचा हप्ता, घरात दीड वर्षाची मुलगी. साहेबांनी दिवाळीनंतर राजीनामा टाकायचं जवळजवळ ठरवलंय. शेवटची ओळ अशी: 'यात शिक्षणाची अट नाही, भांडवल लागत नाही, म्हणजे रिस्क काहीच नाही ना?'

बॉस, थांबा जरा!

शिक्षणाची अट नाही हे खरं. रेरा कायदा एजंटकडे डिग्री मागत नाही. पण 'उद्यापासून मी एजंट' म्हणून व्हिजिटिंग कार्ड छापायचे दिवस महाराष्ट्रात संपलेत. १ मे २०१७ला महारेरा सुरू झालं आणि कायद्याच्या कलम ९ने एजंटला नोंदणी सक्तीची केली. तोवर आपल्याकडे हा धंदा कोणीही करायचा. इस्त्रीवाला, किराणावाला, सोसायटीचा वॉचमन, रिटायर झालेले काका. त्यातले कित्येक चांगलं काम करायचे, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण आयुष्यभराची कमाई ज्या व्यवहारात जाते तो जमवणाऱ्याला कार्पेट एरिया म्हणजे काय तेही सांगता यायचं नाही, हेही तितकंच खरं.

नोंदणी आली, तरी अडचण उरलीच. फॉर्म भरा, फी भरा, नंबर घ्या. माणसाला काही येतं की नाही हे कोण बघणार? म्हणून १० जानेवारी २०२३ला महारेराने ऑर्डर काढली, की आता ट्रेनिंग घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि सर्टिफिकेट मिळवायचं. नव्या मंडळींना ते मिळाल्याशिवाय नोंदणी नाही आणि जुन्यांनाही सूट नाही. वीस वर्षं धंद्यात असलेल्या दादा-काकांनाही पुन्हा बाकावर बसावं लागलं!

ट्रेनिंग २० तासांचं. महारेराने मान्यता दिलेल्या संस्थांकडेच ते करायचं. कोपऱ्यावरच्या 'गॅरंटीड लायसन्स' क्लासकडे नाही. त्यानंतर ऑनलाइन परीक्षा, आणि ती घेणारी संस्था म्हणजे आयबीपीएस. हो, तीच! बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरून ज्यांनी कॉलेजनंतरची दोन वर्षं काढली, त्यांच्या पोटात हे नाव ऐकूनच गोळा येईल. पण घाबरू नका. मे २०२३मध्ये पहिली परीक्षा झाली तेव्हा ४२३ जण बसले आणि ४०५ पास झाले. बँक पीओला असा निकाल कोणी स्वप्नातही पाहिला नसेल.

सोपी आहे म्हणून नुसतं पाठांतर करून पास होऊ नका, असं मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. कारण या परीक्षेच्या मागे जो कायदा आहे, तोच उद्या गिऱ्हाईक तुम्हाला साइटवर विचारणार आहे. उदाहरणार्थ, कार्पेट एरियात बाल्कनी धरायची का? नाही. बाहेरच्या भिंती? त्याही नाहीत. घराच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरायच्या. अॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला किती पैसे मागता येतात? किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतच. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ती त्याच प्रोजेक्टच्या जमिनीवर आणि बांधकामावरच खर्च होऊ शकते. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. ही यादी कोरडी वाटेल, पण समजा तुमच्याच टीममधल्या मुलीला तुम्ही फ्लॅट दाखवताय आणि सेल्सचा माणूस म्हणतोय, 'मॅडम, ३० टक्के आत्ता भरा, अॅग्रीमेंट नंतर बघू.' तिथे तुम्ही गप्प बसलात तर पैसे तिचे अडकणार आणि सोमवारी तोंड तुम्हाला दाखवायचंय.

(ज्यांनी नेटफ्लिक्सवर 'सेलिंग सनसेट' बघून हे करिअर निवडलंय त्यांच्यासाठी: त्या हाय हील्सवाल्या बायका ज्या कॅलिफोर्नियात घरं विकतात, तिथे परीक्षेला बसायच्या आधीच १३५ तासांचा अभ्यासक्रम असतो. आपले २० तास त्यामानाने ट्रेलरच म्हणायचे.)

सर्टिफिकेट हातात आलं की नोंदणी. तीही ऑनलाइनच होते, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या चकरा नाहीत. पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा, मागच्या ३ वर्षांचे इन्कम टॅक्सचे कागद हे सगळं नेहमीचं. गंमत म्हणजे तुम्ही वापरणार असलेलं लेटरहेड, रबर स्टँप आणि पोचपावतीचा नमुनाही द्यावा लागतो. म्हणजे शिक्का आधी करून घ्या! २०१७च्या नियमांप्रमाणे फी एकट्या माणसाला १० हजार रुपये, कंपनी किंवा फर्म असेल तर १ लाख. नोंदणी ५ वर्षं चालते. मित्र-मित्र मिळून जोशात पार्टनरशिप काढणाऱ्यांनी हा दहापट फरक लक्षात घ्यावा.

मिळालेला 'ए'ने सुरू होणारा नंबर जमवलेल्या प्रत्येक सौद्यात लिहायचा, आणि सर्टिफिकेट धंद्याच्या जागी दिसेल असं लावायचं.

ही नोंदणी अख्ख्या महाराष्ट्राला चालते. पुण्यात राहून नागपूरचा फ्लॅट विका, कोणी अडवणार नाही. पण फक्त महाराष्ट्रालाच! हल्ली वीकएंडला पुण्या-मुंबईच्या लोकांना गोव्यातले प्लॉट आणि व्हिला विकायचं खूळ आहे. तिथे गोव्याच्या रेराची वेगळी नोंदणी लागते. गिऱ्हाईक कोथरूडचं असलं तरी जमीन बार्देशची आहे ना!

आता आपल्या त्या कँटीनवाल्या मित्राकडे येऊ. तो म्हणेल, 'मी कुठे एजंट आहे? मी फक्त नाव सांगतो.' कायदा इतका भोळा नाही. व्याख्येत स्पष्ट आहे: प्रोजेक्टमधल्या विक्रीसाठी घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची कुठल्याही माध्यमातून गाठ घालून देणारा, आणि त्याचा मोबदला घेणारा, तो एजंट. ब्रोकर म्हणा, डीलर म्हणा, कन्सल्टंट म्हणा. नाव बदलून सुटका नाही. 'कुठल्याही माध्यमातून' यात ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुपही आला. आणि नोंदणीशिवाय हे केलं तर दंड दिवसाला १० हजार रुपये, वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. ८० लाखांचा फ्लॅट असेल तर ४ लाख. बाइक विकूनही भरणार नाही.

पकडतं कोण, असं मनात आलं असेल. मग हे ऐका. जुन्या एजंटांना सर्टिफिकेटसाठी १ जानेवारी २०२४पर्यंत मुदत होती. ज्यांनी ते मनावर घेतलं नाही अशा सुमारे २० हजार जणांच्या नोंदण्या महारेराने मे २०२४मध्ये स्थगित केल्या. एकदम २० हजार! त्यात 'आपल्याला कोण विचारतंय' म्हणणारे बरेच असणार. शिवाय बिल्डरला प्रोजेक्टची नोंदणी करतानाच आपल्या एजंटांची नावं-पत्ते द्यावे लागतात, आणि फसवलं गेलेलं गिऱ्हाईक बिल्डरइतकीच एजंटविरुद्धही तक्रार करू शकतं. ज्या प्रोजेक्टची महारेराकडे नोंदणीच नाही तो विकणं तर नोंदणीकृत एजंटलाही बंद. 'प्री-लाँच, फक्त निवडक लोकांसाठी' असा मेसेज आला की आधी प्रोजेक्टचा नंबर मागा. ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झालाय, तो स्कॅन करायला अर्धा मिनिट लागतो.

एक पळवाट आहे आणि ती कायदेशीर आहे. नुसती भाड्याची घरं लावून देणारा एजंट या व्याख्येत येत नाही, कारण व्याख्या विक्रीची आहे. एका महिन्याचं भाडं घेऊन बॅचलर पोरांना रूम मिळवून देणारे म्हणूनच आजही बिनानंबराचे फिरतात. धंद्याची चव बघायची असेल तर सुरुवातीला हे वाईट नाही. रात्री अकराला 'गीझर चालत नाही' म्हणून फोन येतील, तेवढी तयारी ठेवा.

आता हिंजवडीच्या मित्रासाठी पैशाचं गणित, कारण खरी रिस्क तिथे आहे. ब्रोकरेजचा दर रेराने ठरवून दिलेला नाही, तो बोलाचालीचा मामला. समजा ८० लाखांचा फ्लॅट, २ टक्के. म्हणजे १ लाख ६० हजार. ऐकायला सॉलिड! पण नवख्याला बिल्डर थेट दारात उभं करत नाही. तुम्ही मोठ्या ब्रोकरच्या हाताखाली जाणार, तो निम्मे ठेवणार. राहिले ८० हजार, त्यातून टीडीएस. आणि हे पैसे बुकिंगच्या दिवशी मिळत नाहीत. सहसा गिऱ्हाइकाने ठरलेला हप्ता भरला आणि अॅग्रीमेंट रजिस्टर झालं की मगच बिल्डर चेक काढतो. होम लोन अडकलं, कोणाच्या सासऱ्यांना वास्तू आवडली नाही, की चेकही गेला. तोवर पेट्रोल तुमचं, फोन तुमचा, गिऱ्हाइकाच्या मुलाचं आइस्क्रीमही तुमचंच. त्याचा घराचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला बँक न चुकता कापणार, त्या महिन्यात फ्लॅट विकला गेला असो वा नसो.

म्हणून दिवाळीनंतर राजीनामा नको. आधी ट्रेनिंग आणि परीक्षा उरकून घ्या, नोकरी चालू असतानाच. ते २० तास काही जड नाहीत. मग स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. 'इतर कोणताही व्यवसाय करणार नाही' असं कलम त्यात बहुतेक असतंच. असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या, किंवा राजीनाम्यानंतरच पहिला सौदा करा. चोरून करू नका. या धंद्यात तुमचं नाव आणि नंबर वेबसाइटवर सगळ्या जगाला दिसतो, तुमच्या मॅनेजरलाही. सोडायचंच असेल तर ६ महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला काढून मग सोडा. माझं विचाराल तर ९ महिन्यांचे.

हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा. एकतर एजंटने हिशेबाची पुस्तकं ठेवावीत हे रेरातच आहे. शिवाय ब्रोकरेजचं उत्पन्न आलं की रिटर्नला नेहमीचा सोपा 'सहज' फॉर्म चालत नाही, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आणि ब्रोकरेजवर १८ टक्के. त्याच २० लाखांवर आणखी एक गोष्ट बसलीय, ती फारशी कोणाला माहीत नसते. डिसेंबर २०२०पासून एवढी उलाढाल असलेले प्रॉपर्टी एजंट मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आलेत. म्हणजे गिऱ्हाइकाची ओळख पटवून घ्या, कागद जपून ठेवा. 'थोडे कॅशमध्ये अॅडजस्ट करू' म्हणणारा शेठ आला, तर त्याला चहा पाजून हसत वाटेला लावणं हेही तुमच्या कामातच आलं.

आणि जे वाचक एजंट होणार नाहीत, नुसता फ्लॅट घेणार आहेत, त्यांनी या शनिवारी एवढं करा. साइटवर घेऊन जाणाऱ्या मित्राला, भावोजींना, जिममधल्या ट्रेनरला, जो कोणी असेल त्याला, 'तुझा महारेरा नंबर काय रे?' असं गाडीत बसायच्या आधी विचारा. असेल तर तो पटकन सांगेल. 'तू कशाला टेन्शन घेतोस' असं उत्तर आलं, तर साइट आपली आपण जाऊन बघा आणि काउंटरला कोणाचंही नाव सांगू नका.